कतारला कामाला जाणाऱ्या पोट्ट्यांनो, आधी घरी बसून एवढं करा

तुरीच्या गंजीपाशी उभा राहून माझ्या भाच्यानं मला विचारलं, "मामा, एजंट म्हणते नव्वद हजार लागन अन् पंधरा दिवसात विजा. देऊ काय?" मी म्हटलं, देऊ नको. मग आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण घाटंजी, आर्णी, पांढरकवड्याकडचे पोट्टे मला हाच प्रश्न विचारत असतात. मी यवतमाळच्या आयटीआयमधून एसी-फ्रिजचा दोन वर्षांचा ट्रेड केला, २०१४ साली कतारच्या दोह्याला गेलो आणि २०२३ मध्ये परत आलो. मला माहीत आहे ते कतारचं. दुबई-सौदीचे नियम वेगळे असतात, पण घरची तयारी सगळीकडे हीच.

पहिल्या खेपेला मी कर्ज काढून गेलो. बाबांनी बैलजोडी विकली, वरून व्याजानं पैसे उचलले आणि एका माणसाच्या हातात ८५,००० रुपये ठेवले. पावती मागितली नाही. इकडं पगार सांगितला होता १८०० रियाल, दोह्यात पोचल्यावर समोर कागद आला १२०० चा. मी सही केली. घरी व्याज चढत होतं, परत कोणत्या तोंडानं येणार? त्या काळी तिथं नोकरी बदलायला मालकाची ना-हरकत लागायची आणि देशाबाहेर पडायलाही त्याचीच परवानगी. बाहेर पडायच्या परवानगीची अट बहुतेक कामगारांसाठी २०१८ साली उठली, नोकरी बदलायच्या ना-हरकतीची २०२० साली. आता ठरलेली नोटीस देऊन कंपनी बदलता येते, पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची आणि नंतर दोन महिन्यांची. पण अंगावर कर्ज असलेल्या पोट्ट्याच्या हातून ती नोटीस दिली जात नाही. तो दबून राहतो. मी दीड वर्ष राबलो ते त्या ८५,००० साठी. म्हणून माझी पहिली अट ही, की जाण्यासाठी शेत गहाण नाही, व्याजाचा पैसा नाही. साठवायला एक वर्ष जास्त लागलं तर लागू दे.

आता पासपोर्ट. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे आणि अर्ज तू स्वतः मोबाईलवरून भरू शकतोस. अर्ज भरण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची सनद, आधार आणि आयटीआयचं प्रमाणपत्र एका खाटेवर मांड आणि नाव अक्षर अक्षर जुळवून बघ. आपल्याकडं दाखल्यात "रामराव", आधारवर "रामरावजी", मार्कशीटवर बापाचं नाव अर्धं, असं सर्रास असतं. ही दुरुस्ती आता केली तर तालुक्याच्या चार चकरा पडतील. व्हिसा आल्यावर केली तर व्हिसा हातचा जाईल. दहावी पास असशील तर सनद अर्जासोबत जोडच. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा येतो आणि कतारसह १८ देशांत कामाला जाताना त्याला सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती परवानगी त्याच्याच संरक्षणासाठी आहे. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढावी लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. एखादा एजंट "टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडं बदलून देतो" म्हणत असेल, तर तो तुला या सगळ्या संरक्षणाच्या बाहेर काढतो आहे हे ओळख.

एजंटाबद्दल कायदा साफ आहे. परदेशात माणसं पाठवायला भारत सरकारचं लायसन्स लागतं, आणि लायसन्सवाल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. त्याला तुझ्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, आणि पावती द्यावीच लागते. गावोगाव मोटरसायकलवर फिरून पासपोर्ट गोळा करणाऱ्या उप-एजंटाला कायद्यात जागाच नाही. भाच्याच्या एजंटाचं नाव आम्ही त्याच रात्री यादीत शोधलं. नव्हतं. पासपोर्ट कोणाच्याही पिशवीत द्यायचा नाही. झेरॉक्स द्यायची, आणि तिच्यावर कशासाठी दिली ते लिहून सही करायची.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कराराला. आपण पगाराचा आकडा ऐकतो आणि तिथंच थांबतो. करारात मूळ पगार, ज्याला बेसिक म्हणतात, तो किती आणि भत्ते किती हे वेगळं लिहिलेलं असतं. दोन कंपन्या १८००-१८०० रियाल सांगतात. एकीचा बेसिकच १८००, दुसरीचा बेसिक १००० आणि बाकी भत्ता. वरून सारखंच दिसतं. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, वर्षाला कमीत कमी तीन आठवड्यांचा बेसिक. पाच वर्षांनी पहिल्या कंपनीत ६,३०० रियाल हातात येतील, दुसरीत ३,५००. ओव्हरटाइमही बेसिकवरच, तासामागं कमीत कमी पाव पट जास्त. आठवड्याचे तास ४८ आणि एक दिवस सुट्टी, हा कायदा आहे. कतारमध्ये मार्च २०२१ पासून कोणाचाही बेसिक १००० रियालच्या खाली ठेवता येत नाही, आणि कंपनीनं राहायला जागा दिली नाही तर ५०० आणि जेवण दिलं नाही तर ३०० रियाल वेगळे द्यावे लागतात. रियाल डॉलरला बांधलेला आहे, डॉलरला ३.६४ रियाल. त्यामुळं रुपयात किती पडतात ते त्या दिवशीच्या डॉलरच्या भावावरून तूच काढ, एजंटाच्या तोंडचा आकडा धरू नकोस.

माझ्या वेळी करार तिकडं उतरल्यावर दिसायचा. आता कतारची व्हिसा केंद्रं भारतातच आहेत, त्यातलं एक मुंबईला. कंपनी अपॉइंटमेंट काढते. तिथं बोटांचे ठसे, मेडिकल आणि कराराची सही, सगळं उरकतं. यवतमाळहून धामणगावला जायचं, विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरायचं. आदल्या रात्री गाडीत झोप काढ, कारण सकाळी डोकं जाग्यावर लागतं. स्क्रीनवर करार दाखवतात तेव्हा मागं रांग आहे म्हणून घाई करू नको. बेसिक, हुद्दा, राहणं-जेवण, मुदत, या चार गोष्टी तुझ्या वहीत लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघ. "एसी टेक्निशियन" ठरलं असेल आणि कागदावर "लेबर" लिहिलं असेल, तर सही न करता उठून ये. मुंबईहून परत यायला तुझ्याजवळ तिकिटाचे पैसे असतात. दोह्याहून नसतात.

मेडिकलचं एक सांगतो, कारण आपल्या भागात हे बऱ्याच जणांना नडतं. छातीचा एक्स-रे काढतात. लहानपणी टीबी होऊन गेला असेल, औषधं पूर्ण घेतली असतील, पोट्टा ठणठणीत असेल, तरी फुप्फुसावरचा जुना डाग दिसला की अनफिट ठरू शकतो. माझ्यासोबतचा एक जण असाच मुंबईहून रडत परतला होता. म्हणून एक रुपयाही खर्च करण्याआधी यवतमाळात स्वतःचा एक्स-रे काढून डॉक्टरला दाखव.

आता घर. याला मी सगळ्यात मोठं काम समजतो, आणि हेच कोणी सांगत नाही. तुझ्या घरचा कारभार आज कोण बघतं? बँकेत बाबांसोबत तू जातोस, ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, तुझ्या मोबाईलवरून होते, कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे आले की नाही ते तू बघतोस. तू गेल्यावर हे कोण करणार? मी गेलो त्या वर्षी पीककर्जाचं नूतनीकरण राहून गेलं. मुदतीत भरणाऱ्याला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. आमचं ते गेलं आणि वरून थकबाकीदार म्हणून नाव लागलं. म्हणून जाण्याआधीच्या हंगामात बहिणीला किंवा बायकोला सोबत घेऊन सगळं एकेकदा तिच्या हातून करून घे. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो तिनं काढायचा, पासबुक तिनं भरून आणायचं. सातबाऱ्यावर कापसाची नोंद नसली तर सीसीआयच्या सरकारी खरेदीत कापूस घालताना अडवतात. तेव्हा तू दोह्यातून फोनवर कितीही ओरडलास तरी उपयोग नसतो. माझी बायको बारावी शिकलेली, पण मी तिला कधी बँकेत नेलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेच्या आधी नेलं. त्यानंतरच्या सात वर्षांत एकही मुदत चुकली नाही.

मोबाईल नंबर. आधार आणि बँकेला जोडलेलं सिम बंद पडू देऊ नको. निघण्याआधी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घे, म्हणजे ओटीपीचे मेसेज तिकडं येतील. रिचार्जची तारीख घरी लिहून ठेव.

बॅगेत काय न्यायचं याच्यापेक्षा काय न्यायचं नाही ते महत्त्वाचं. माय प्रेमानं सावजी मसाल्याची पुडी बांधून देईल. त्यात खसखस असते. आखाती देशांत खसखशीला अफूच्याच वर्गात धरतात आणि तिच्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. मसाला न्यायचा तर घरीच बिनखसखशीचा कुटून घ्यायचा, अनारसेही नेऊ नकोस. खर्रा आणि गुटखा कतारमध्ये बंदच आहे. खर्रा खाणाऱ्यानं विमानतळावर सोडीन असं मनात धरू नये, निघायच्या दोन-तीन महिने आधीच सोडावा. नव्या जागी, नव्या कामात ती तलफ फार छळते, मी पोट्ट्यांना रात्र रात्र जागताना पाहिलं आहे. दुखण्याच्या, झोपेच्या गोळ्यांतही काही तिथं बंदी असलेल्या असतात. डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ पाकीट असल्याशिवाय एकही गोळी नेऊ नको, आणि शेजारच्यानं "माझ्या भावाला दे" म्हणून दिलेला डबा तर उघडून बघितल्याशिवाय मुळीच नाही.

तिथं पोचलास की आयडी कार्ड आणि बँकेचं कार्ड निघेपर्यंत थोडे दिवस जातात. पगार बँकेतूनच यायला हवा, ठरलेल्या तारखेनंतर सात दिवसांच्या आत. पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेणं कतारच्या कायद्यात गुन्हा आहे, २५,००० रियालपर्यंत दंड आहे. माझा पहिल्या कंपनीनं दोन वर्षं ठेवला, कारण मला हे माहीतच नव्हतं. कॅम्प बहुतेक सनायात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात असतो. उन्हाळ्यात १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करवून घेता येत नाही. एसीवाल्याचं काम गच्चीवर असतं, तेव्हा हा नियम तुझ्यासाठीच आहे. आपण विदर्भातले, ऊन आपल्याला नवं नाही, असं समजून मी पहिल्या जुलैत दुपारी गच्चीवर चढलो आणि चक्कर येऊन पडलो. आपलं ऊन कोरडं. तिथं समुद्राची दमट हवा असते, घाम वाळत नाही आणि अंग थंडच होत नाही. पाण्यात मीठ-साखर घालून पीत राहा.

पैसा पाठवायचा तो बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून, पावती घेऊन. कोणी "गावात रोख पोचवतो, भाव जास्त देतो" म्हटलं तरी नाही. परदेशी कामाला गेलास की इथलं साधं बचत खातं चालत नाही, बँकेला सांगून ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशाचं खातं, करायचं आणि तिकडच्या कमाईसाठी एनआरई खातं उघडायचं. एनआरई खात्याच्या व्याजावर इथं कर नाही. आणि एक गोष्ट, जी ऐकून पोट्टे चकित होतात. परदेशात कामाला असेपर्यंत तुला तुझ्या नावावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली राहते, नवी घेता येत नाही. शेजारच्या गावच्या एकानं चार वर्षांचे पैसे भावाच्या नावच्या चार एकरांत घातले. आज दोघे भाऊ एका विहिरीचं पाणी पीत नाहीत. शेत घ्यायचं स्वप्न असेल तर पैसा एनआरई खात्यात ठेव, परत ये आणि मग स्वतःच्या नावावर घे. मी तसंच केलं. दोन एकर, नाल्याकाठची.

घरी फोन कधी करायचा तेही ठरवून जा. कतारचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं असतं. तू रात्री आठला जेवून फोन करशील तेव्हा इथं साडेदहा वाजलेले, बाबा झोपलेले. आमची वेळ पहाटेची होती. साडेचारला कॅम्पची बस लागायची, इथं सकाळचे सात, माय चुलीपाशी. बस सुटेपर्यंत दहा मिनिटं. पगार अडकला होता त्या महिन्यात मी चार दिवस फोन टाळला. पाचव्या दिवशी माय म्हणाली, "पैशे नाही आले तरी चालन बाप्पू, पण तू बोलत जाय."

अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाचा मदत क्रमांक आहे, १८०० ११ ३०९०, चोवीस तास, भारतातून फुकट. दोह्यात आपला दूतावास आहे, आणि त्याच्या छत्राखाली आयसीबीएफ ही संस्था अडलेल्या कामगारांना मदत करते. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विमा, सगळ्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून घरी ठेव, कंपनीचं पूर्ण नाव आणि कॅम्पचा पत्ता मोठ्या अक्षरात लिही, आणि हा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवून जा. आमच्या कपाटाला तो अजून चिकटलेला आहे. भाच्यानं परवा येऊन त्याचा फोटो काढून नेला. त्याच्या दाखल्यातल्या नावाची दुरुस्ती झाली आहे, एक्स-रे साफ निघाला आहे, आणि यंदाची ई-पीक पाहणी त्याच्या बहिणीनं केली.