फाइलचा पाथ आणि यूआरएल यांची गल्लत टाळा

सांगलीच्या बाजारातील हळदीचे दर दाखवणारे फ्लास्क किंवा जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधील संकेतस्थळ लॅपटॉपवर व्यवस्थित चालते, पण सर्व्हरवर चढवताच दरांची फाइल सापडत नाही, असे झाल्यास प्रथम पाथ, म्हणजे फाइलचा डिस्कवरील पत्ता, तपासावा. कारण सापेक्ष, म्हणजे डिस्कच्या मुळापासून न लिहिलेला, पाथ हा कोडच्या फाइलपासून नव्हे, तर प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू केला तिथून मोजला जातो आणि सर्व्हरवर तो फोल्डर बहुधा वेगळाच असतो. म्हणून पायथन 3.4 पासून उपलब्ध असलेली पाथलिब ही पाथ हाताळणारी लायब्ररी वापरून मॉड्यूलच्या, म्हणजे त्या कोड फाइलच्या, स्वतःच्या ठिकाणावरून पूर्ण पाथ तयार करावा. जँगोच्या सेटिंग्जमधील ‘बेस डिर’ नेमके हेच करते.

ब्राउझरमधील ‘/हळद/राजापुरी/’ हा यूआरएल, म्हणजे पानाचा वेबपत्ता, मात्र डिस्कवरचा फोल्डर नसतो. तो राउटिंगद्वारे एखाद्या फंक्शनशी जोडलेला असतो. तो हाताने लिहू नये, तो तयार करण्यासाठी फ्लास्कमध्ये ‘यूआरएल फॉर’ आणि जँगोमध्ये ‘रिव्हर्स’ वापरावे.

सर्वांत फसवी अडचण अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सामाईक मॉड्यूलची. त्यातील ग्लोबल व्हेरिएबलमध्ये आजचा दर कधीही साठवू नये, कारण गनिकॉर्न या पायथन वेब सर्व्हरच्या, विनंत्या हाताळणाऱ्या प्रत्येक वर्कर प्रोसेसकडे त्या मॉड्यूलची स्वतंत्र प्रत असते, त्यामुळे एका वर्करमध्ये बदललेला दर दुसऱ्याला कळत नाही आणि शेतकऱ्याला पान रिफ्रेश करताच जुना दर दिसू शकतो. असा दर डेटाबेसमध्येच ठेवावा.