रात्री दोनला चालणाऱ्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारता येत नाही

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधले बहुतेक प्रोग्रॅम प्रश्न विचारतात. 'संख्या टाका', मग स्कॅनएफ (सीमधलं कीबोर्डवरून वाचणारं फंक्शन), मग उत्तर. नोकरीत नव्याने आलेल्या मुलामुलींच्या स्क्रिप्टमध्ये हीच सवय दिसते आणि मी आधी तीच मोडायला सांगतो. कामावरची स्क्रिप्ट बरेचदा रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम, चालवतो. त्या वेळी कीबोर्डसमोर कुणी नसतं. पायथनचं इनपुट फंक्शन वाचायला जातं, हाती काहीच लागत नाही, 'ईओएफ एरर' (वाचायला काही उरलं नाही) येते आणि काम तिथेच थांबतं.

म्हणून फाइलचं नाव, तारीख, विभाग असं जे चालवणाऱ्याला आधीच माहीत असतं, ते आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करतानाच्या कमांडमध्येच, घ्या. समोर खरंच माणूस असेल तरच विचारा. माणूस आहे का, याचा बराचसा अंदाज पायथनमध्ये स्टँडर्ड इनपुटवरच्या (प्रोग्रॅम जिथून वाचतो त्या वाटेवरच्या) 'इझ-ए-टीटीवाय'ने येतो; तिथे टर्मिनल जोडलंय का, ते हे सांगतं.

सी भाषेत आर्ग्युमेंट्स मेन फंक्शनला आर्गसी (किती आहेत) आणि आर्गव्ही (त्यांची यादी) यांतून मिळतात. यादीत शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव असतं, त्यामुळे तुम्ही दोन गोष्टी दिल्यात तर आर्गसी 3 येतो. पायथनही तसंच करतं. जावामध्ये मात्र शून्याव्या जागीच तुमचं पहिलं आर्ग्युमेंट असतं. शब्द तोडण्याचं काम लिनक्सवर शेल (तुम्ही टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) करतो, तेही प्रोग्रॅम सुरू होण्याआधी. 'मार्च हजेरी' नावाची फाइल अवतरणचिन्हांशिवाय दिलीत, तर प्रोग्रॅमला दोन वेगळी नावं मिळतील.

आलेलं सगळं मजकूर असतं, आकडासुद्धा. पायथनमध्ये '5' आणि '7' जोडले की '57' होतं. रूपांतर करा आणि ते फसलं तर काय करायचं हेही लिहा. मजकुराचा आकडा करणारं सीमधलं एटूआय इथे धोकादायक आहे: 'अबक' दिलं तरी 0 आणि खरा '0' दिला तरी 0. त्याऐवजी एसटीआरटूएल वापरा आणि वाचन कुठल्या अक्षराशी थांबलं ते तपासा. जुन्या जर्नलमध्ये ओळ वाचणारं गेट्स फंक्शन दिसलं तर ते उचलू नका. किती अक्षरं घ्यायची हे त्याला सांगताच येत नाही. 1988 च्या मॉरिस वर्मने (इंटरनेटवर स्वतःहून पसरलेल्या प्रोग्रॅमने) फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतल्या याच फंक्शनचा फायदा घेतला आणि 2011 च्या सी मानकातून ते काढून टाकलं गेलं. त्याऐवजी मर्यादा सांगता येणारं एफगेट्स घ्या. पण त्याआधी स्कॅनएफने आकडा वाचला असेल, तर मागे राहिलेलं एंटर एफगेट्स उचलतं आणि त्यानंतर वाचायचं नाव, समजा, रिकामं येतं. ही अडचण जवळपास प्रत्येकाला येते.

पायथनमध्ये आर्ग्युमेंट्स वाचायला आर्गपार्स हे तयार मॉड्यूल वापरा, हाताने तपासत बसू नका. मदतीचा मजकूर ते स्वतः तयार करतं, प्रकार तपासतं, चूक असेल तर संदेश स्टँडर्ड एररवर (साध्या आउटपुटपेक्षा वेगळ्या, चुकांसाठीच्या वाटेवर) पाठवतं आणि एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा) 2 देऊन थांबतं. हे शेवटचं फार मोलाचं आहे. काम बिघडलं हे पुढच्या स्क्रिप्टला त्या कोडवरूनच कळतं. आणि चूक सांगणारा संदेश साध्या आउटपुटमध्ये छापला, तर तो अहवालाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो.

पासवर्ड मात्र आर्ग्युमेंटमध्ये कधीच नको. चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या पीएस कमांडने तो त्याच मशीनवरच्या इतरांना दिसू शकतो आणि शेलच्या हिस्टरीतही राहतो. समोर माणूस असेल तर पायथनचं गेटपास वापरा; टाइप केलेला पासवर्ड ते स्क्रीनवर दाखवत नाही.

आपल्याकडे आणखी एक तपासणी हवीच: देवनागरी. पायथनचं इंट '१२' बिनतक्रार 12 करतं, एसटीआरटूएल करत नाही. 'पुणे' या शब्दाची लांबी पायथन 4 सांगतं, पण यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) तो 12 बाइट्स घेतो. सीमध्ये 10 बाइट्सचा बफर (वाचलेलं ठेवायची जागा) ठेवून एफगेट्सने वाचलंत, तर 9 बाइट्स येतील (एक बाइट शेवटच्या खुणेला जातो) आणि हाती 'पुण' उरेल. प्रोग्रॅम कसलीही एरर दाखवणार नाही.