टाइप रेटिंगचे पैसे भरण्याआधी

कॉर्पोरेट जेटवर वैमानिक व्हायचंय आणि हातात २०० उड्डाण-तासांचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, आहे? मग लगेच मिळेल त्या टाइप रेटिंगला (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याच्या पात्रतेला) लाखो रुपये घालू नका. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाविना विमानं चालवणाऱ्या, परवानाधारक कंपन्यांची यादी असते. कोणाकडे कोणतं विमान, तेही त्यात दिसतं. जे विमान तीन-चार कंपन्यांकडे आहे, त्याचाच विचार करा. देशात एखाददुसरंच असलेल्या जेटचं रेटिंग म्हणजे एकाच दाराशी ताटकळणं.

नुसते ईमेल पाठवून फारसं हलत नाही. या कंपन्यांच्या ऑपरेशन्स विभागात जाऊन भेटा. मुलाखतीत स्वभावही जोखतात. छोट्या जेटवर केबिन क्रू नसतो, त्यामुळे मालकांच्या बॅगा उचलणं, जेवणाचे डबे तपासणं वैमानिकाकडेच येतं. याचा कमीपणा वाटत असेल तर एअरलाइनच बरी.