नाणं, चमचा, अंगठी, यू-पिन: जवळून दाखवायच्या जादूची तयारी

जादू शिकायची म्हटलं की पहिला मोह होतो तो ऑनलाइन किट मागवण्याचा. प्लास्टिकचा चकचकीत कप, रंगीत डबी, दुहेरी तळाची पेटी. दोन-तीन फुटांवर बसलेला माणूस असली वस्तू बघताक्षणी म्हणतो, "यातच काहीतरी आहे." नाण्याबद्दल, घरच्या चमच्याबद्दल किंवा स्वतःच्या बोटातल्या अंगठीबद्दल तो तसं म्हणत नाही. रोजच्या वापरातल्या धातूच्या वस्तूंचा हा मोठा फायदा. अडचणी दोन: धातू चमकतो आणि वाजतो. नवशिक्याचे बहुतेक प्रयोग या दोनपैकी एका कारणानं फसतात.

नाणं निवडताना आकार आणि कड बघा. आजचं १ रुपयाचं नाणं जुन्या-नव्या मालिकेनुसार २० ते २२ मिलिमीटर व्यासाचं आहे. ते स्टीलचं, गुळगुळीत, वजन चार ग्रॅमपेक्षाही कमी. तळहातात ते पकडीत बसत नाही. २ रुपयांचं २३ ते २५ मिलिमीटरचं, पण तेही स्टीलचंच. सरावाला १० रुपयांचं चांगलं: २७ मिलिमीटर, सुमारे ७.७ ग्रॅम. शिवाय दुरंगी असल्यानं लांबूनही ओळखू येतं. २० रुपयांचं बारा कोनांचं आहे. त्याचे कोपरे तळव्याला छान धरतात, पण बोटांवरून सरकवताना अडतात. जुन्या बाजारात १९७५ नंतरच्या काही वर्षांतलं १ रुपयाचं नाणं मिळालं (तांबं-निकेल, २८ मिलिमीटर, ८ ग्रॅम), तर एकसारखी चार घेऊन ठेवा. अमेरिकेत राहणाऱ्यांना हा शोध घ्यावा लागत नाही. तिथल्या जादूगारांचं ठरलेलं नाणं म्हणजे हाफ डॉलर, ३०.६ मिलिमीटरचं, आणि बँकेत मागितलं तर दर्शनी किमतीला मिळू शकतं.

नाणं हातात लपवून धरण्याला 'पाम करणं' म्हणतात. सुरुवातीला दोनच पाम शिका. फिंगर पाममध्ये नाणं मधलं बोट आणि अनामिका यांच्या मुळाशी आडवं राहतं आणि बोटं नेहमीसारखी किंचित वाकलेली असतात. हा दोन-चार दिवसांत जमतो. क्लासिक पाममध्ये नाणं तळव्याच्या मधोमध असतं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि करंगळीकडचा भाग यांच्यात ते कडेनं अडकतं. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या टोकांनी नाणं तळव्यात दाबायचं, अंगठा अगदी थोडा आत घ्यायचा आणि बोटं सोडून द्यायची. हात पालथा केल्यावर नाणं पडलं नाही, एवढ्यानं पाम झाला असं समजू नका. आता त्याच हातानं पेन उचला, दाराची कडी काढा, चहाचा कप धरा, फोनवर टाइप करा. हे सगळं नैसर्गिक दिसायला लागेपर्यंत कुणाला काही दाखवू नका.

इथे तीन चुका नेहमी होतात. अंगठा काठीसारखा बाहेर ताठ राहतो. नाणं पडेल या भीतीनं पंजा इतका आवळला जातो की बोटांची पेरं पांढरी पडतात. आणि बोटांच्या फटीतून नाणं चमकतं, ज्याला आपल्याकडेही 'फ्लॅश' म्हणतात. पहिल्या दोन चुकांचं कारण एकच, गरजेपेक्षा जास्त जोर. नाणं धरायला लागणारा दाब फारच कमी असतो. थोडं थोडं सैल सोडत नाणं नेमकं कधी पडतं ते बघा आणि त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा. फ्लॅशसाठी बोटं चिकटवू नका, हाताचा कोन बदला. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घामानं नाणं चिकटून राहतं आणि हवं तेव्हा सुटत नाही. खिशात सुती रुमाल ठेवा. थंडीत कोरड्या हातातून ते निसटतं, तेव्हा हाताला किंचित क्रीम पुरतं.

आता सगळ्या नाण्यांच्या जादूचा पाया: फॉल्स ट्रान्सफर. उजव्या हातातलं नाणं डाव्यात दिल्यासारखं करायचं आणि उजव्यातच ठेवायचं. आधी नाणं खरोखर द्या. वीसेक वेळा, काही न लपवता. डावा पंजा कधी मिटतो, उजवा हात कधी मागे येतो, तुमची नजर कुठे जाते, सगळं लक्षात ठेवा. खोटी कृती हुबेहूब अशीच दिसायला हवी. मग:

नाणं उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर, सगळ्यांना दिसेल असं धरा. डावा तळवा समोर उघडा. उजवी बोटं डाव्या तळव्याकडे नेताना नाणं अंगठ्यानं हलकेच मागे ओढून फिंगर पाममध्ये घ्या. उजव्या बोटांची टोकं डाव्या तळव्याला टेकली की डावी बोटं करंगळीपासून एकेक मिटायला लागतात. उजवा हात तिथून निघतो, पण झटक्यानं नाही. डावी मूठ किंचित वर आणि पुढे जाते, नजरही तिच्याबरोबर जाते.

आणि उजवा हात? बहुतेक शिकवण्यांत इथे फक्त "तो खाली सोडा" एवढंच सांगतात. रिकामा दाखवायचा हात नुसता लोंबकळत राहिला, तर प्रेक्षकाचा डोळा त्याच्याकडेच जातो. त्याला काम द्या. टेबलावरचं पेन उचलून डाव्या मुठीवर टकटक करायची असेल, तर तो हात पेनाकडे जाणारच, आणि पेन धरलेली बोटं वाकलेली असणारच. पेन आधीपासून उजव्या बाजूला ठेवा, हात समोरून ओलांडावा लागता कामा नये. मूठ उघडण्याआधी एक श्वास थांबा. लगेच उघडली तर माणूस मागचे दोन सेकंद आठवून हिशेब जुळवतो. फार ताणलं तर तो उजव्या हाताकडे बघायला लागतो. उघडताना करंगळीकडून एकेक बोट उघडा, हात झटकन फाकवू नका.

सराव आरशासमोर सुरू करा, पण तिथेच थांबू नका. नेमक्या चलाखीच्या क्षणी आपले डोळे मिटतात, आणि मिटलेल्या डोळ्यांनी आरशात काय दिसणार? फोन लावा. तो प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा: बसलेल्या माणसाच्या, उभ्या माणसाच्या आणि लहान मुलाच्याही. मुलं खालून वर बघतात, आणि मोठ्यांसमोर बिनधोक असलेला फिंगर पाम त्यांना सरळ दिसतो. लग्नात पहिलं "काकांच्या हातात आहे!" पाच वर्षांच्या पोरीकडून येतं, ते यामुळे. मुलं असतील तर बसून करा किंवा हात खाली, कमरेच्या पातळीवर आणा.

नाण्याच्या आवाजाला घाबरू नका, तो कामाला लावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवातला टी. नेल्सन डाउन्स हा माणूस 'किंग ऑफ कॉइन्स' म्हणून गाजला. मूळचा तो रेल्वेतला तारखात्याचा कर्मचारी. हवेतून नाणी पकडून हॅटमध्ये टाकण्याचा त्याचा प्रयोग प्रसिद्ध होता, आणि त्या प्रकारात विश्वास बसवण्याचं अर्धं काम आवाज करतो. घरी हे स्टीलच्या डब्यानं करता येतं. डावा हात डब्याच्या काठाला धरलेला, अंगठा बाहेर, चार बोटं आत, आणि त्या बोटांनी पाच-सहा नाण्यांची चवड डब्याच्या आतल्या भिंतीला दाबून ठेवलेली. उजव्या हातात एकच नाणं पाममध्ये. उजवा हात हवेत काहीतरी पकडतो, नाणं बोटांच्या टोकांवर आणून दाखवतो, ते डब्यात टाकल्यासारखं करतो आणि पुन्हा पाम करतो. त्याच क्षणी डावी बोटं चवडीतलं एक नाणं सोडतात. खण्ण! आवाज अर्धा सेकंद आधी आला तर सगळं संपलं. उशिरा आला तर लोक हसतात. म्हणून पहिले दिवस फक्त आवाजाचा सराव करा, डोळे मिटून. स्टीलचं हलकं नाणं डब्यात पातळ वाजतं. १० रुपयांचं भरीव वाजतं. नकोसा आवाज टाळायला टेबलावर मोठा रबरी माउसपॅड पसरा. काचेवर नाणं वाजतं, उसळतं, शिवाय त्याचं प्रतिबिंब खालून गुपित सांगतं.

चमचा वाकवण्याच्या प्रयोगात १ रुपयाचं नाणं अखेर उपयोगी पडतं, तेही तळहातात नीट न बसणारं. ते स्टीलचं, चमच्याच्या दांड्याच्या टोकासारखंच गोल आणि तसंच चमकणारं. नाणं आधीच उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत लपवा. चमच्याचा खोलगट भाग टेबलाला टेकवून दांडा उभा धरा. उजव्या मुठीवर डावी मूठ गुंडाळा, आणि दांड्याचं टोक जिथे दिसायला हवं तिथे नाण्याची तीन-चार मिलिमीटर कड वर येऊ द्या. दांडा प्रत्यक्षात फक्त उजव्या करंगळीनं धरलेला असतो, बाकीची बोटं त्याच्या पुढून जातात. आता जोर लावल्याचा आव आणून हात तसेच उभे ठेवा आणि करंगळी सैल सोडा. दांडा तुमच्या बाजूला आडवा पडतो, वर नाण्याची कड उभीच राहते, आणि समोरच्याला चमचा मानेत काटकोनात वाकलेला दिसतो. दोन सेकंद, जास्त नाही. मग "सरळ करतो" म्हणत चमचा टेबलावर टाका. लोक चमच्यावर तुटून पडतात, नाणं पाममध्ये घेऊन हात खिशात न्यायला तेवढा वेळ भरपूर. बाजूला किंवा पाठीमागे कुणी बसलं असेल तर हा प्रयोग करूच नका.

अंगठीसाठी साधी वेढणी उत्तम. खड्याची अंगठी एका बाजूला झुकते. रबरबँड कापून सरळ करा, साधारण १५ सेंटिमीटर लांब होईल असा. त्यातला दहाएक सेंटिमीटर भाग उजव्या मुठीत लपवा, अंगठी ओवा आणि बाहेर राहिलेलं टोक डाव्या चिमटीत धरून ताणा. डावा हात उंच, उतार सुमारे ३० अंशांचा. अंगठी उजव्या हाताजवळ आहे. आता उजवी चिमूट अगदी हळूहळू सैल करा. ताण कमी होतो, रबर सरकतं आणि त्यावर चिकटून बसलेली अंगठी त्याच्याबरोबर वर जाते. बघणाऱ्याला अंगठी स्वतःहून चढ चढताना दिसते. रबर धक्क्यानं सुटलं तर अंगठीही उडी मारते आणि गुपित फुटतं. जुनं, भेगा पडलेलं रबर वापरू नका, ते तुटलं तर कुणाची तरी लग्नातली अंगठी सोफ्याखाली जाते. मागून घेतलेली अंगठी नेहमी टेबलाच्या वर धरा. जोडवी आणि मंगळसूत्र मात्र मागू नये.

यू-पिनचा प्रयोग भूमितीवर चालतो, हातचलाखी लागत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच जमतो. १०० रुपयांची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब आहे. तिचे साधारण ४७ मिलिमीटरचे तीन भाग करा. एक बाजू पुढे, दुसरी मागे, वरून बघितलं तर सपाट झेड दिसेल असं दुमडा. पहिली यू-पिन वरच्या कडेवरून पुढचा थर आणि मधला थर यांना लावा, पुढच्या थराच्या मोकळ्या टोकाजवळ. दुसरी मधला आणि मागचा थर यांना, मागच्याच्या टोकाजवळ. आता दोन्ही मोकळी टोकं धरून बाहेरच्या दिशेनं ओढा, सुरुवातीला हळू, शेवटी झटका. पिना हवेत उडतात आणि एकमेकींत अडकून पडतात. जमलं नाही तर बहुतेक वेळा एखाद्या पिनेनं तिन्ही थर पकडलेले असतात. प्लास्टिकचं आवरण असलेल्या रंगीत पिना नोटेवर घासतात आणि अडतात. साध्या स्टीलच्या घ्या.

पैसे घेऊन काम करायचं असेल तर हिशेब वेगळा. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्यासारख्यांमुळे मराठी प्रेक्षकाला रंगमंचावरची जादू चांगली ओळखीची आहे, पण टेबलापाशी येऊन जादू दाखवणारा माणूस अजून अनेकांना नवा आहे. म्हणून पहिल्या दहा सेकंदांत "मी जादूगार, यजमानांनी बोलावलंय" हे सांगा, नाहीतर लोक तुम्हाला काहीतरी विकायला आलेला समजतात. एका टेबलावर तीन प्रयोग, पाच-सहा मिनिटं. जेवण सुरू व्हायच्या आधी फिरा. आपल्याकडे लोक हातानं जेवतात, त्यामुळे पान वाढल्यावर कुणाच्या तळहातावर नाणं ठेवता येत नाही. संगीत चालू असेल तर बोलण्यावर चालणारे प्रयोग सोडा, चमचा आणि अंगठी निवडा. उजव्या खिशात फक्त नाणी, डाव्यात रबरबँड आणि पिना. फोन आतल्या खिशात ठेवा, नाहीतर नाणं नेमकं त्याच्यावर वाजतं. चुंबक बसवलेली साधनं बाळगत असाल तर लक्षात ठेवा की आजची १ आणि २ रुपयांची स्टीलची नाणी त्याला चिकटतात.

पोकळ किंवा दुहेरी केलेली नाणी विकत मिळतात. ती चलनातली भारतीय नाणी कापून घरी बनवायच्या फंदात पडू नका; २०११ च्या नाणे कायद्यानं नाणी वितळवायला आणि नष्ट करायला बंदी आहे. आणि चमचा वाकवून "ही माझी शक्ती आहे" असं म्हणू नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं त्यात गुन्हा ठरतं. कार्डावर 'हातचलाखी' किंवा 'जादूचे प्रयोग' असं स्वच्छ छापा. कुणी बाजूला येऊन हरवलेली वस्तू कुठे आहे ते विचारलंच, तर हसून दुसरं नाणं काढा.