मखराचे दिवे स्विच दाबताच भलतेच पेटतात?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ७४एचसी५९५ (आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या मोजक्या पिनांवरून आठ दिवे चालवणारी आयसी) आणून गणपतीच्या मखराला एलईडी लावले, की वीज येताच क्षणभर वाटेल ते दिवे लागतात. आयसी खराब नसते. सुरुवातीला तिच्या पोटात काहीबाही भरलेलं असतं.

१. १३ नंबरची पिन (ती ५ व्होल्टवर असेपर्यंत दिवे बंद राहतात) सरळ ग्राउंडला टाकू नका. १० किलोओहमचा रेझिस्टर लावून ५ व्होल्टला जोडा, शिवाय आर्डुइनोच्या मोकळ्या पिनलाही.
२. प्रोग्राममध्ये आधी आठ शून्यं पाठवा, १२ नंबरची लॅच पिन (पाठवलेलं दिव्यांपर्यंत पोचवणारी) हाय-लो करा, म्हणजे ५ व्होल्टला नेऊन परत शून्यावर आणा.
३. मगच आर्डुइनोची १३ नंबरला जोडलेली ती पिन आउटपुट करून लो करा.

१० नंबरची पिन (लो झाली की आयसीत पाठवलेलं पुसणारी) मात्र ५ व्होल्टलाच हवी. मी ती मोकळी सोडली होती, अख्खी संध्याकाळ गेली!

प्रत्येक एलईडीला ४७० ओहमचा रेझिस्टर घाला, कारण पूर्ण आयसीची मर्यादा ७० मिलीअँपिअर आहे.