केळ्याचा थंडगार पुडिंग केक: या चुका टाळा

या केकला ओव्हन लागत नाही, अंडं लागत नाही, म्हणून तो सोपा समजला जातो. पण भाजायचा केक मधे ओला राहिला तर आणखी दहा मिनिटं भट्टीत ठेवता येतो; इथे थर लावून झाले की हातात काही उरत नाही. सकाळी साचा उघडला आणि तळाला पाणी, मधे बिस्किटांचा लगदा, कडेला काळी पडलेली केळी दिसली, तर ते बिस्किटं घातलेलं शिकरण झालं. हे बिघाड वेगवेगळे वाटतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं: सुटलेलं पाणी. दुधात, केळ्यात, क्रीममध्ये पाणीच पाणी आहे. ते जागच्या जागी बांधून ठेवलं की केक सुरीने कापता येतो.

आधी प्रमाण. तळ निघणारा, ७ इंच व्यासाचा आणि ३ इंच उंचीचा साचा धरला आहे. कस्टर्डसाठी अर्धा लिटर फुल क्रीम दूध, ५० ग्रॅम व्हॅनिला कस्टर्ड पावडर (साधारण ६ सपाट टेबलस्पून), ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, २० ग्रॅम बटर. थरांसाठी २०० ग्रॅम मारी बिस्किटं, ती बुडवायला १५० मिली गार दूध, आणि मध्यम आकाराची ४ केळी. वरच्या थराला २५० मिली व्हिपिंग क्रीम आणि २ टेबलस्पून पिठीसाखर.

अमेरिकन कृती जशीच्या तशी उचलणे

बनाना पुडिंग हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला आवडता पदार्थ, त्यामुळे इंटरनेटवरच्या बहुतेक कृती तिथल्या सामानावर बेतलेल्या असतात. त्यातलं ‘इन्स्टंट पुडिंग मिक्स’ गार दुधात फेटलं की पाच मिनिटांत घट्ट होतं, कारण त्यातला स्टार्च कारखान्यातच शिजवून वाळवलेला असतो. आपली कस्टर्ड पावडर म्हणजे रंग आणि वास घातलेलं कच्चं कॉर्नफ्लोर. ती गार दुधात कितीही घोटली तरी घट्ट होणार नाही, नुसती तळाला बसेल आणि जिभेला पिठूळ लागेल. ती शिजवावीच लागते.

तसंच ‘व्हॅनिला वेफर्स’चं. मुंबईत वेफर्स म्हटलं की बटाट्याचे किंवा केळ्याचे, पण या कृतींमधले वेफर्स म्हणजे छोटी गोल, गोड बिस्किटं. त्यांच्या जागी मारी उत्तम चालतं.

कस्टर्ड: निम्मे केक इथेच बिघडतात

पहिली चूक पाकिटावरचं प्रमाण घेण्याची. अर्ध्या लिटरला दोन-तीन चमचे पावडर हे फ्रूट सॅलडचं, वाटीत ओतायच्या कस्टर्डचं प्रमाण आहे. त्याने केक उभा राहत नाही. कापता येण्यासाठी दुधाच्या साधारण दहावा भाग पावडर लागते, म्हणून वर ५० ग्रॅम सांगितली आहे. ६० ग्रॅमच्या पुढे मात्र जाऊ नका. कस्टर्ड रबरासारखं होतं आणि चव पिठाची येते.

अर्ध्या लिटरमधलं १०० मिली दूध गारच बाजूला ठेवा आणि पावडर त्यात कालवा. गरम दुधात कालवली तर प्रत्येक कणाभोवती शिजलेल्या पिठाचं कवच तयार होतं आणि आत कोरडी पावडर तशीच राहते. गुठळी म्हणजे हेच. कालवलेलं मिश्रण दोन मिनिटं ठेवलं तरी पावडर तळाला बसते, म्हणून ओतण्याच्या क्षणी पुन्हा ढवळायचं. बाकीचं दूध साखर-मीठ घालून उकळलं की आच मंद करा, एका हाताने बारीक धार धरा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा.

यानंतरची चूक सगळ्यांत जास्त होते. मिश्रण एकदम घट्ट दिसतं, झालं असं वाटतं आणि गॅस बंद केला जातो. कॉर्नफ्लोर सुमारे ६५ अंशांपासून फुगायला लागतं, पण त्याची पूर्ण ताकद ९० ते ९५ अंशांच्या पुढे मिळते. अर्धवट शिजलेलं कस्टर्ड पातेल्यात ठीक दिसतं आणि रात्रीतून पाणी सोडतं. पृष्ठभागावर जाड, फटफट फुटणारे बुडबुडे यायला लागले की तिथून घड्याळ लावून दोन मिनिटं शिजवा. ढवळणं सावकाश आणि तळापासून हवं. जोरात फेटलं की फुगलेले कण फुटतात आणि कस्टर्ड उलट सैल पडतं. शेवटी बटर घाला.

झालं का ते पाहायला एक चमचा कस्टर्ड गार स्टीलच्या ताटलीत टाका. दोन-तीन मिनिटांनी मधून बोट ओढा. वाट मोकळी राहिली आणि कडा ओघळल्या नाहीत तर ते उभं राहणार. ओघळत असेल तर एक टेबलस्पून कॉर्नफ्लोर तीन टेबलस्पून गार दुधात कालवून घाला आणि पुन्हा दोन मिनिटं उकळा. ही दुरुस्ती थर लावण्याआधीच करता येते, नंतर नाही. गुठळ्या झाल्या असतील तर गरम असतानाच पुरणाच्या चाळणीतून किंवा बारीक गाळणीतून काढा. तळाला लागलं असेल तर खरवडू नका, वरचं दुसऱ्या भांड्यात ओता.

आणि उष्टा चमचा. चव बघून तोच चमचा परत पातेल्यात घातला तर कस्टर्ड काही वेळात पातळ होऊ शकतं. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि त्याचं कामच स्टार्च तोडणं. स्वयंपाकात उष्टं चालत नाही हा घरोघरचा नियम इथे अगदी शब्दशः लागू पडतो. चव बघायला दरवेळी नवा चमचा घ्या.

गार करण्याची घाई

उकळतं कस्टर्ड थेट बिस्किटांवर ओतलं तर ती विरघळतात आणि केळी शिजून काळपट, चिकट होतात. दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट: कस्टर्ड फ्रीजमध्ये पूर्ण घट्ट होऊ द्यायचं आणि मग बीटरने फिरवून थर द्यायचे. स्टार्चची एकदा जमलेली जाळी मोडली की ती पुन्हा तशी जुळत नाही. केक ढासळण्याचं हे कारण बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

हवं ते याच्या मधलं. परातीत बर्फाचं पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवा आणि हळूहळू ढवळत कोमटपर्यंत आणा. पातेल्याला बाहेरून हात लावला तर चटका बसू नये, पण कस्टर्ड चमच्यावरून जाडसर घसरत पडावं. अर्ध्या लिटरला दहा-पंधरा मिनिटं लागतात. थांबायचंच असेल तर क्लिंग फिल्म कस्टर्डच्या पृष्ठभागाला चिकटवून ठेवा. वरून ताट झाकलं तर वाफेचे थेंब पुन्हा आत पडतात, आणि काहीच झाकलं नाही तर जाड साय धरते, जी थरात तुकडे होऊन येते.

लवकर व्हावं म्हणून केक फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलेला स्टार्च वितळताना स्पंजासारखा होतो आणि पाणी गाळतो.

केळी

मुंबईच्या हातगाडीवर साधारण दोन प्रकार सहज मिळतात: लांब, हिरव्या सालीच्या जातीची केळी आणि छोटी वेलची. या केकला लांब केळी पिकलेली असतील तर सोयीची, कारण चकत्या सारख्या पडतात. वेलची केळ्यांचा गर घट्ट असतो आणि त्यांना छान आंबटगोड चव असते. चकत्या लहान पडल्या तरी चवीत ती सरस ठरतात. चार लांब केळ्यांच्या जागी दहा-बारा वेलची धरा. वसईची राजेळी या कामाची नाहीत, ती सुकेळ्यांसाठी आणि शिजवण्यासाठीच शोभतात.

साल पूर्ण पिवळी आणि तिच्यावर थोडे तपकिरी ठिपके, ही योग्य वेळ. देठाशी हिरवट असेल तर केळं तुरट लागतं. साल काळी पडून गर मऊ झाला असेल तर चकती थरात दबते आणि रस सोडते. केक शनिवारी करायचा असेल तर केळी गुरुवारीच आणा. कच्ची केळी फ्रीजमध्ये टाकू नका. साधारण १३ अंशांच्या खाली त्यांचं पिकणं थांबतं आणि साल काळी होते.

केळं काळं पडतं ते हवेमुळे. कापल्यावर गरातलं एन्झाइम आणि ऑक्सिजन एकत्र येतात. लिंबू हा प्रकार थांबवतं, पण थेट पिळलं तर केक आंबट होतो आणि रस कोमट कस्टर्डमध्ये उतरला तर दूध फाटू शकतं. एक चमचा लिंबाचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळा, चकत्या त्यात मिनिटभर बुडवून काढा आणि स्वच्छ सुती फडक्यावर कोरड्या करा. कोरडं करणं विसरू नका. चकत्या ७-८ मिलिमीटर जाड हव्यात. त्यांच्यावर साखर अजिबात भुरभुरू नका, ती केळ्यातलं पाणी ओढून बाहेर काढते.

खरा बंदोबस्त मात्र थरांच्या रचनेत आहे. केळ्याच्या खाली कस्टर्ड आणि वरही कस्टर्ड, म्हणजे हवा पोहोचतच नाही. क्रम असा: बिस्किटं, कस्टर्ड, केळी, कस्टर्ड, आणि हेच पुन्हा एकदा. साच्याच्या कडेला उभ्या चकत्या लावल्या की सुंदर दिसतात, पण तिथे हवा शिरते आणि दुसऱ्या दिवशी त्याच आधी काळ्या होतात. सजावटीची चकती वाढण्याच्या आधी पाच मिनिटं लावायची.

बिस्किटं

मारी गार दुधात दोन सेकंद, एक बाजू आणि दुसरी बाजू, की लगेच साच्यात. हातात वाकायला लागलं म्हणजे उशीर झाला. कस्टर्ड आणि केळी रात्रभर त्याला ओलावा देतच राहतात. ग्लुकोज बिस्किटं दुधात पटकन विरघळतात, ती वापरायची तर नुसत्या ब्रशने दूध लावा. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत उघडं पाकीट तासाभरात सादळतं, म्हणून पाकीट थर लावतानाच फोडा. सादळलेलं बिस्किट बुडवूच नका, तसंच लावा.

क्रीम फेटलंच जात नाही

दुकानातल्या साध्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये फॅट साधारण २० ते २५ टक्के असतं. ते तासभर फेटलं तरी उभं राहणार नाही, कारण हवेच्या बुडबुड्यांना धरून ठेवायला स्निग्धांश पुरत नाही. डब्यावर ‘व्हिपिंग’ लिहिलेलं आणि ३० ते ३५ टक्के फॅटचं क्रीम घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या केकच्या सामानाच्या दुकानांत ते मिळतं, घरपोच किराण्यातही मिळतं.

दुसरा शत्रू उकाडा. फॅट घट्ट राहिलं तरच फेस टिकतो, आणि मे महिन्यात स्वयंपाकघर ३३-३४ अंशांवर असतं. क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रीजच्या आतल्या भागात ठेवा, दारात नको. भांडं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, आणि फेटताना भांड्याखाली बर्फ घ्या. शक्य असेल तर एसीच्या खोलीत फेटा. मध्यम वेगावर सुरू करा. बीटरच्या खुणा दिसायला लागल्या की पिठीसाखर घाला. पाती उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. रवाळ दिसायला लागलं तर दोन-तीन चमचे गार, न फेटलेलं क्रीम हाताने हलकेच मिसळा, बहुतेक वेळा सावरतं. पिवळसर गोळे आणि पाणी वेगळं झालं असेल तर ते लोणी झालं, आता परत फिरणार नाही.

नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग गोठवलेलं मिळतं आणि आधीच गोड असतं. त्यात पिठीसाखर घालू नका, आणि कस्टर्डची साखरही ४० ग्रॅमवर आणा. ते रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, बाहेर ठेवून नाही. चवीला दुधाचं क्रीमच चांगलं, पण केक प्रवासाला न्यायचा असेल तर नॉन-डेअरी उकाड्यात जास्त वेळ टिकतं.

व्हिपिंग क्रीम मिळालं नाही तर चक्का घ्या. २५० ग्रॅम चक्का, ५० ग्रॅम पिठीसाखर, चार चमचे फ्रेश क्रीम, फक्त चमच्याने एकजीव केलेलं. किंचित आंबट चव केळ्याला फार छान जाते. चक्का घरी बांधलेला असेल तर किमान सहा तास फ्रीजमध्येच टांगून ठेवा, नाहीतर तोच पाणी सोडेल.

क्रीमचा थर कस्टर्ड जमल्यावरच, म्हणजे केक दोन तास फ्रीजमध्ये राहिल्यावर द्या.

फ्रीज, साचा आणि प्रवास

एकूण सेट व्हायला किमान सहा तास, रात्रभर असेल तर उत्तम. फ्रीज ४ अंशांच्या आसपास हवा. गणपतीच्या दिवसांत फ्रीज खच्चून भरलेला असतो, दार सतत उघडतं, तेव्हा आणखी दोन तास धरा. क्रीम वास फार पटकन ओढतं. त्याच फ्रीजमध्ये बोंबील किंवा लसणाची चटणी असेल तर केक घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

साच्याला कडेने बटर पेपरची पट्टी आधीच लावा. सोडवताना गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा सेकंद बाहेरून गुंडाळा आणि मग कडी सोडा. कापताना सुरी दरवेळी गरम पाण्यात बुडवून पुसा.

इतकं करूनही केक ढिला निघाला तर साचा सोडवू नका, मोठ्या चमच्याने काचेच्या पेल्यांत वाढा.

दादरहून ठाण्याला न्यायचा तर थर्माकोलच्या पेटीत तळाला आणि बाजूला गोठवलेले जेल पॅक, मधे साचा, आणि केक साच्यातच. ताटात पोहोचल्यावर काढायचा. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये तो सपाट धरणं अवघड, टॅक्सी बरी. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर दूध-क्रीमचा पदार्थ तासाभराहून जास्त उघड्यावर ठेवू नका, विशेषतः खाणाऱ्यांत लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तेव्हा. उरलेला केक फ्रीजमध्ये झाकून दोन दिवसांत संपवा.