फ्रीज गार होत नाही? गॅसचं नाव सगळ्यात शेवटी घ्या

एप्रिल लागला की नाशकात माझा फोन दिवसभर वाजतो, आणि पलीकडचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, फ्रीजचा गॅस संपलाय, भरून द्या." अहो, गॅस संपत नसतो. तो पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. तुमचे पैसेही त्याच्यासोबत. मेकॅनिकला बोलवायच्या आधी खालच्या गोष्टी घरीच बघा. निम्म्याहून जास्त फ्रीज इथेच सुधारतात.

आधी खरंच गार होत नाही का, ते मोजा. हात लावून कळत नाही. फ्रीजचं साधं थर्मामीटर आणा, पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ अंशांच्या आसपास असेल तर फ्रीज ठीक आहे. ८-१० दाखवत असेल तर पुढे चला.

नॉबचा आकडा बघा. मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, हे पुष्कळांना उलटं वाटतं. निफाडचा पारा घसरतो तेव्हा २ वर ठेवलेला नॉब उन्हाळ्यात तसाच राहतो आणि दूध नासलं की दोष गॅसला. मे महिन्यात ४-५ वर न्या.

मग आत काय कोंबलंय ते बघा. फेब्रुवारी-मार्चात दिंडोरीकडचे पाहुणे द्राक्षांची पेटी आणतात आणि ती अख्खी आत जाते. सिंगल डोअर फ्रीजमध्ये पंखा नसतो. फ्रीजरपाशी गार झालेली हवा जड होऊन जाळीच्या कप्प्यांतून खाली उतरते, एवढाच तिचा मार्ग. त्या कप्प्यांवर आपण पेपर नाहीतर फुलाफुलांचे प्लास्टिकचे मॅट अंथरतो. मॅट काढा, डबे जरा विरळ ठेवा. खालच्या भाज्या दुसऱ्या दिवशीच टवटवीत दिसतील.

फ्रीज उभा कुठे आहे, हेही महत्त्वाचं. सिडकोतल्या छोट्या स्वयंपाकघरात तो बहुतेक वेळा शेगडीला खेटून आणि भिंतीला चिकटून असतो. मागची काळी जाळी आतली उष्णता बाहेर टाकते. तिला भिंतीपासून वीतभर जागा हवी. प्लग काढा, फ्रीज ओढा आणि जाळी बघा. फोडणीचं तेल आणि धूळ मिळून त्यावर गोधडी झालेली असते, आणि सातपूर-अंबडकडच्या घरांत तर ती काळीकुट्ट असते. मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा, नळ्या वाकवू नका. काही मॉडेलना मागे जाळी दिसतच नाही, बाजूचे पत्रे गरम होतात. तिथे दोन्ही बाजूंना जागा सोडा आणि वरून लोंबणारं ते भरतकामाचं कव्हर काढून टाका.

दाराचं रबर. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथून गरम हवा आत जातेय. चारी बाजूंनी करून बघा, बिजागरीच्या बाजूलाही. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, घडीत मळ बसून कडक झालेलं असतं. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाकलेल्या जागी गरम पाण्याचं फडकं दाबून धरा. तरीही नोट निसटली तर नवं रबर घ्या, पण मॉडेल नंबर लिहूनच दुकानात जा. दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, तेही बघा. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि दार लावा. जळता दिवा चांगलीच उष्णता देतो.

आता बर्फ. फ्रीजरमध्ये अर्ध्या सेंटिमीटरहून जाड थर साचला की गारवा खाली पोचत नाही. रात्री डिफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा सरळ प्लग काढा, सकाळी पाणी पुसून घ्या. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर यातलं काहीही फ्रीजरला लावू नका. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसचे मार्ग असतात. एक भोक पडलं की गॅस खरंच गेला. माझ्याकडे येणाऱ्या गळतीच्या फ्रीजपैकी पुष्कळसे सुरीचेच असतात.

एवढं करूनही गारवा नसेल तर बर्फ वितळलेल्या, रिकाम्या फ्रीजरकडे लक्ष ठेवून फ्रीज चालू करा. दोनेक तासांनी मागच्या जाळीला हात लावा आणि फ्रीजरवरचं दव वाचा. जाळी चांगली गरम आणि फ्रीजरवर सगळीकडे सारखा पांढरा थर: गॅस आणि कॉम्प्रेसर (गॅस फिरवणारी मोटर) दोन्ही ठणठणीत, दोष थर्मोस्टॅटचा (नॉबमागचा, गारव्यानुसार मोटर चालू-बंद करणारा भाग) किंवा रबराचा. कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, जाळी कोमट आणि बर्फ एकाच कोपऱ्यात: इथे गॅस कमी असल्याचा संशय धरा. आधी छान बर्फ धरतो, काही तासांनी चालू असतानाच वितळतो, बंद करून सुरू केला की पुन्हा गार: आत ओल शिरून चोकअप झालाय, म्हणजे तिचा बर्फ होऊन गॅसची बारीक नळी तुंबलीय. कॉम्प्रेसर घुं करतो आणि टक् करून बंद पडतो: आधी व्होल्टेज तपासा, मग रिले (मोटर सुरू करणारा भाग) आणि ओव्हरलोड (जास्त तापली की ती बंद करणारा भाग). हे स्वस्त भाग आहेत. ते न बघता कोणी कॉम्प्रेसर बदला म्हणाला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

डबल डोअरचं दुखणं निराळं. वर आइस्क्रीम दगड आणि खाली दूध कोमट, असं असेल तर गॅसचा विषयच काढू नका. मागच्या पॅनेलआड कॉइलवर (गारवा देणाऱ्या नळ्यांवर) बर्फ साचून हवेची वाट बुजलीय किंवा पंखा बंद आहे. फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं २४ तास उघडी ठेवा, खाली जुना टॉवेल अंथरा. त्यानंतर काही दिवस मस्त चालून पुन्हा तेच झालं, तर कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवणारा हीटर किंवा त्याला चालू-बंद करणारा बायमेटल नाहीतर टायमर गेलाय.

गॅस भरायचाच असेल तर मेकॅनिकसमोर उभे राहा. गळती कुठे सापडली ते दाखवायला सांगा. नवा फिल्टर बसवला का, पंपाने व्हॅक्यूम केला का (नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली का), आणि गॅस काट्यावर तोलून भरला का, हे विचारा. मागच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. आर-६००ए असेल तर ५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे "किलोभर गेला दादा" ही थाप. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो, त्यामुळे स्वयंपाकघरात नळ्या जोडायला ज्योत चालवू देऊ नका. काम उघड्या हवेत आणि शेगडी बंद. स्टिकरवर आर-१२ दिसला तर तो फ्रीज फार जुना आहे. माँट्रियल करारानुसार तो गॅस भारतात २०१० पासून बंद झाला.

कॉम्प्रेसर गेलाय, खालचा पत्रा गंजलाय आणि बाहेरून पावसाळ्याशिवायही घाम फुटतोय, असे तिन्ही एकत्र दिसले तर खर्च करू नका. भंगारवाल्याला देईपर्यंत तो गॅलरीत ठेवणार असाल तर दार बिजागरीतून काढून ठेवा. लपाछपी खेळणारी पोरं आत शिरतात, आणि जुन्या खटक्याचं दार आतून उघडत नाही.